पाय चालले, तर कान टिकतील!

मुलांनो, व्यायाम कशासाठी करायचा, असं कुणी विचारलं तर तुमची उत्तरं तोंडावर तयार असतात. दंड मजबूत होतात, दम वाढतो, भूक सणकून लागते, रात्री गाढ झोप येते. ही सगळी उत्तरं बरोबर आहेत. पण "व्यायामाने कान चांगले राहतात", असं उत्तर कधी कुणी दिलेलं ऐकलंय का?

हसू नका! प्रश्न गमतीचा वाटेल, पण उत्तर खरं आहे. कानाला ना दंड, ना पोटऱ्या. तो आपला डोक्याच्या दोन्ही बाजूंना गप्प बसलेला. मग तुम्ही मैदानावर लंगडी खेळलात काय किंवा आजोबा सकाळी फिरून आले काय, कानाला त्याचं काय? तेच आज आपण पाहू या.

त्याआधी एक गोष्ट आठवा. तुमच्या किंवा शेजारच्या घरात अशी एखादी आजी नाहीतर आजोबा असतील, ज्यांना एक वाक्य तीनदा सांगावं लागतं. पहिल्यांदा आपण नीट सांगतो. दुसऱ्यांदा ओरडून सांगतो. तिसऱ्यांदा कंटाळतो आणि म्हणतो, "काही नाही, जाऊ दे!" हे 'जाऊ दे' फार वाईट असतं बरं का. ते ऐकू आलं नाही तरी तुमच्या चेहऱ्यावरून आजीला कळतं. मग ती विचारायचं सोडून देते. हळूहळू गप्पांमधून उठून कोपऱ्यात जाऊन बसते. घर भरलेलं असतं, पण ती एकटी पडते.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमीअधिक प्रमाणात ऐकू कमी येतं. त्यांतल्या सुमारे ४३ कोटी लोकांना त्यासाठी उपचाराची किंवा मदतीची गरज आहे. म्हणून हा विषय फक्त आजीचा नाही, तुमचा आणि तुमच्या आईबाबांचाही आहे. कारण म्हातारपणचे कान म्हातारपणी मिळत नाहीत. आज तुमच्या डोक्याला जे आहेत, तेच पुढे न्यायचे असतात!

वाटाण्याएवढा गोगलगाईचा शंख

आपण ज्याला कान म्हणतो आणि गुरुजी जो पिरगाळायचे, तो खरा कान नव्हेच. ते नुसतं आवाज गोळा करणारं नरसाळं. आवाजाच्या लाटा त्यातून आत जातात आणि कानाच्या पडद्यावर आदळतात. पडदा थरथरतो. त्याला चिकटून तीन चिमुकली हाडं असतात : हातोडी, ऐरण आणि रिकीब. यातली रिकीब म्हणजे आपल्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड. जेमतेम तीन मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान!

ही रिकीब पुढे ज्याचं दार ठोठावते, तो खरा कान. त्याचं नाव कर्णावर्त. आकार गोगलगाईच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा. एकूण वाटाण्याएवढा. उलगडून सरळ केला तर पट्टीवर साधारण साडेतीन सेंटिमीटर भरेल. हा शंख पाण्यासारख्या द्रवाने भरलेला असतो. रिकिबीने ठोठावलं की त्या द्रवात लाटा उठतात.

लाटा कुणाला कळतात? शंखाच्या आत रांगेने उभ्या असलेल्या केशपेशींना. या पेशींच्या डोक्यावर केसांसारखे अतिसूक्ष्म तुरे असतात. वाऱ्याने ज्वारीचं रान डोलावं तसे ते डोलतात. तुरा झुकला की पेशीतून विजेचा अगदी बारीकसा इशारा निघतो, श्रवणचेतेवरून मेंदूकडे धावतो आणि आपल्याला कळतं, 'अरे, ही तर मधल्या सुट्टीची घंटा!'

आता हार्मोनियम डोळ्यांसमोर आणा. त्याची प्रत्येक पट्टी वेगळा सूर देते. कर्णावर्तातही तसंच आहे. दाराजवळच्या केशपेशी उंच, बारीक सूर ओळखतात आणि शंखाच्या अगदी आतल्या टोकाच्या पेशी जाड, खर्जातले सूर ओळखतात. आवाजाची लाट या शंखातून कशी प्रवास करते, हे शोधून काढल्याबद्दल जॉर्ज फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

या केशपेशी एका कानात असतात तरी किती? सुमारे १५ हजार. तुम्हाला वाटेल, बक्कळ झाल्या की! पण आपल्या एका डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास असतात. त्यापुढे १५ हजार म्हणजे मूठभरच. शिवाय या सगळ्या पेशी आपण जन्माला येण्याआधीच तयार झालेल्या असतात. त्यानंतर नवी भरती बंद! गुडघा खरचटला तर नवी कातडी येते, नख तुटलं तर वाढतं. केशपेशी मेली की तिची जागा कायमची रिकामी.

इथे कोंबडी मात्र आपल्यापेक्षा भाग्यवान आहे. मोठ्या आवाजाने किंवा औषधाने कोंबडीच्या केशपेशी मेल्या, तर त्या पुन्हा उगवतात, असं शास्त्रज्ञांना १९८८ साली दिसून आलं. कोंबडीला जमतं ते माणसाला का जमत नाही, याचा शोध अजून सुरू आहे. तोवर आपल्या हातात एकच उपाय. आहेत त्या पेशी जपायच्या.

पाटाच्या टोकाचं शेत

पेशी जपायच्या म्हणजे त्यांना वेळेवर खाऊपिऊ घालायचं. शरीरातल्या कुठल्याही पेशीला लागतो तो प्राणवायू आणि साखर. ते आणून देतं रक्त. कर्णावर्ताचं तर रक्तावाचून पानही हलत नाही. का ते पाहा.

शंखाच्या आतल्या भिंतीला बारीक केशवाहिन्यांचं दाट जाळं असलेली एक पट्टी असते. ही पट्टी म्हणजे कानाचं वीजघर. ती आतल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकवून धरते. बॅटरीतला साधा सेल दीड व्होल्टचा असतो. हा दाब त्याच्या साधारण एकोणिसाव्या हिश्श्याएवढा. ऐकायला क्षुल्लक, पण याच दाबावर केशपेशी काम करतात. आणि हे वीजघर रात्रंदिवस चालू असतं. तुम्ही झोपलात तरी त्याला सुट्टी नाही. म्हणून त्याला रक्त सतत हवं.

गंमत म्हणजे केशपेशींना अगदी खेटून रक्तवाहिन्या नसतात. असत्या, तर रक्ताची धडधडच आपल्याला दिवसभर ऐकू येत राहिली असती, असं शास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे केशपेशींचं पोट भरायचं ते थोड्या अंतरावरून, द्रवातून झिरपत येणाऱ्या अन्नावर.

त्यातून कर्णावर्ताकडे रक्त नेणारी वाट अगदी बारीक आणि एकच. शेतावर राहणाऱ्या मुलांना हे लगेच समजेल. पाटाच्या सुरुवातीला ज्याचं शेत, त्याला पाण्याची चिंता नसते. पाटाच्या अगदी टोकाला ज्याचं शेत, त्याचं काय? वर कुठे पाट फुटला, गाळ साचला, पाण्याचा जोर कमी झाला की पहिलं पीक त्याचं वाळतं. विहीर नसली तर दुसरीकडून पाणी आणायची सोयच नाही. आपला आतला कान म्हणजे असं पाटाच्या टोकाचं शेत आहे!

आता व्यायामाचा संबंध तुमच्या लक्षात आला असेल. मोठ्या माणसाचं हृदय स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवतं. जोराच्या व्यायामात तेच हृदय मिनिटाला १५ ते २० लिटर रक्त फिरवतं. रक्त जोराने वाहू लागलं की रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू तयार करतं. त्याने वाहिन्या सैल होतात, रुंदावतात. हा वायू रक्ताभिसरणात निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. रोज व्यायाम करणाऱ्याच्या वाहिन्या लवचिक राहतात. म्हणजे पाटातला गाळ रोजच्या रोज निघत राहतो आणि पाणी टोकापर्यंत पोचतं.

उलट रक्तदाब वाढला, मधुमेह झाला की बारीक वाहिन्यांचं नुकसान होऊ लागतं. मधुमेहात डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना जपावं लागतं, हे मोठ्यांना ठाऊक असतं. कान मात्र कुणाच्या ध्यानात येत नाहीत. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मधुमेह असलेल्यांमध्ये कमी ऐकू येण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळलं होतं. आणि मधुमेह, रक्तदाब यांना लांब ठेवणारा सगळ्यात स्वस्त उपाय कोणता? बरोबर, व्यायाम!

आजीला 'शाळा' का ऐकू येत नाही?

वय वाढतं तसं काय होतं ते पाहू. तरुण निरोगी कानाला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढू लागलं की यातले वरचे, म्हणजे उंच, बारीक आवाज आधी कमी होतात. शंखाच्या दाराजवळच्या पेशी पहिल्यांदा थकतात ना, म्हणून.

आपल्या बोलण्यात 'आ', 'ओ', 'ऊ' हे स्वर भरदार असतात. पण 'स', 'श', 'थ', 'फ' ही व्यंजनं बारीक, उंच आवाजाची. त्यामुळे तुम्ही 'शाळा' म्हणालात की आजीला मागचं 'आळा' तेवढं ऐकू येतं. मग ते 'शाळा' होतं, 'काळा' होतं की 'टाळा', हे तिने अंदाजाने ओळखायचं. म्हणूनच आजी म्हणते, "तू बोलतोयस ते ऐकू येतंय रे, पण काय बोलतोयस ते कळत नाही." ती तुमची थट्टा करत नसते. ती अगदी नेमकं सांगत असते. लहान मुलांचे आवाज मुळातच बारीक. म्हणून बाबांचं बोलणं कळतं आणि नातवाचं कळत नाही, असंही होतं.

शांत गावातले म्हातारे

"पण वय झालं की ऐकू कमी येणारच, त्याला कोण काय करणार?" असं पुष्कळजण म्हणतात. डॉ. सॅम्युएल रोझेन या न्यूयॉर्कच्या कानांच्या डॉक्टरांना मात्र ते पटलं नाही. १९६० च्या सुमारास ते आपले सहकारी आणि यंत्रं घेऊन थेट आफ्रिकेतल्या सुदानमध्ये गेले. तिथे इथिओपियाच्या सीमेजवळ माबान नावाचे आदिवासी राहतात. हा भाग २०११ पासून दक्षिण सुदान या नव्या देशात आहे. त्या काळी माबानांच्या गावात ना मोटारी होत्या, ना कारखाने, ना बंदुका. कोंबडा आरवला किंवा जनावर हंबरलं तर तेवढाच आवाज.

रोझेन यांनी लहानमोठ्या सगळ्यांचे कान तपासले. पाहतात तो काय, माबानांमधल्या म्हाताऱ्या माणसांचं ऐकणं अमेरिकेतल्या त्याच वयाच्या माणसांपेक्षा पुष्कळच चांगलं होतं! त्यांचा रक्तदाबही मोजला. तो म्हातारपणीही तरुणांइतकाच होता. ही माणसं सडपातळ होती, ज्वारीसारखं साधं धान्य खात होती आणि दिवसभर चालत, राबत होती. १९६२ साली रोझेन यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आता तुम्ही गुप्तहेर व्हा आणि सांगा, माबानांचे कान कशामुळे चांगले राहिले? शांततेमुळे? साध्या जेवणामुळे? कमी रक्तदाबामुळे? की चालण्यामुळे? नाही सांगता येत ना! चारही गोष्टी एकाच ठिकाणी होत्या. शिवाय जन्मतारखेची नोंद नसलेल्या लोकांचं वय नेमकं किती, अशी शंकाही पुढे काही शास्त्रज्ञांनी काढली. पण म्हातारपण आणि बहिरेपण ही जोडी सगळीकडे सारखीच घट्ट नसावी, हा विचार मात्र रोझेन यांनी जगापुढे ठेवला. आता चारातला एकेक धागा सुटा करून तपासायला हवा होता.

चालणाऱ्या बायका, पळणारे उंदीर

चालण्याचा धागा पकडला अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या संशोधकांनी. तिथे परिचारिकांच्या तब्येतीचा एक मोठा अभ्यास बरीच वर्षं चालला आहे. त्यातल्या ६८ हजारांहून अधिक बायकांची १९८९ ते २००९ अशी २० वर्षांची माहिती त्यांनी तपासली. कोण किती चालतं, वजन किती, ऐकण्याची काही तक्रार आहे का, असे प्रश्न त्यांना वेळोवेळी विचारलेले होते.

२०१३ साली उत्तर मिळालं. आठवड्याला दोन तास किंवा जास्त चालणाऱ्या बायकांमध्ये ऐकू कमी येण्याचा धोका, एका तासाहून कमी चालणाऱ्यांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी होता. म्हणजे असं समजा : न चालणाऱ्या एका गटात १०० जणींना हा त्रास झाला, तर तेवढ्याच मोठ्या, चालणाऱ्या गटात सुमारे ८५ जणींना झाला. वजन आणि कमरेचा घेर जास्त असणाऱ्यांमध्ये धोका जास्त होता, असंही दिसलं.

आणि दोन तास म्हणजे किती? रोजची सतरा-अठरा मिनिटं! एवढा वेळ तर आपण चपला शोधण्यात घालवतो.

पण तुमच्यातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी हात वर करून विचारेल, "ज्या बायका नियमित चालतात, त्या जेवणखाण, औषधपाणी हेही नीट सांभाळत असतील. मग कान चालण्यामुळे टिकले कशावरून?" शाबास! प्रश्न असाच विचारायचा असतो. संशोधकांनी वय, धूम्रपान, रक्तदाब अशा गोष्टींचा हिशेब वेगळा करून पाहिला होता. तरीही माणसांच्या अभ्यासात शंकेला थोडी जागा उरतेच.

म्हणून अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांची मदत घेतली. उंदरांचे दोन गट केले. एका गटाच्या पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं, दुसऱ्यात ठेवलं नाही. फरक काय तो चाकाचा. उंदरांना चाक म्हणजे जत्रेतला पाळणाच! सहा महिन्यांचे तरणेबांड उंदीर त्या चाकावर रोज सुमारे १२ किलोमीटर पळत. दोन वर्षांचे झाले म्हणजे उंदीर म्हातारा होतो. तेव्हाही ते रोज चारेक किलोमीटर पळत होते.

शेवटी दोन्ही गटांचे कान तपासले. चाक नसलेल्या उंदरांचं ऐकणं जास्त कमी झालेलं होतं. त्यांच्या कानातल्या त्या वीजघराच्या पट्टीतल्या केशवाहिन्या विरळ झाल्या होत्या, केशपेशीही जास्त मेल्या होत्या. पळणाऱ्या उंदरांमध्ये हे नुकसान पुष्कळ कमी होतं. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पाटाचं पाणी टोकापर्यंत पोचलं की पीक टिकतं, हे तिथे प्रत्यक्ष दिसलं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण परिचारिकांची माहिती आणि उंदरांचे कान दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, हेही खरंच.

व्यायाम काय करेल आणि काय नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. व्यायाम म्हणजे जादूची कांडी नाही. मेलेली केशपेशी तो जिवंत करू शकत नाही. आधीच ऐकू कमी येत असलेले आजोबा चालायला लागले म्हणून त्यांना पूर्वीसारखं ऐकू येईल, असं नाही. ऐकू कमी येण्याची कारणंही बरीच आहेत. कानात मळ साचणं, कान फुटणं, काही औषधं, घराण्यातून आलेला दोष आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे गोंगाट. कुणाला अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर व्यायाम नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

व्यायाम करतो ते पहारेकऱ्याचं काम. जे आहे ते जास्त दिवस टिकावं म्हणून तो राबतो. आणि पहारेकरी रोज लागतो. वर्षातून एकदा क्रीडास्पर्धेत धावून भागत नाही!

किती व्यायाम पुरे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं प्रमाण असं : ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं खेळावं. मोठ्यांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा. त्यासाठी महागडी साधनं नकोत. खो-खो, लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, दोरीवरच्या उड्या, सायकल, पोहणं, सूर्यनमस्कार, जे आवडेल ते. भरभर चालणं म्हणजे किती भरभर, याची एक सोपी खूण आहे. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये!

एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं?

हल्ली कित्येक जण फिरायला निघताना कानात इअरफोन खुपसतात. रस्त्यावर गाड्यांचा आवाज, म्हणून गाणं आणखी मोठं करतात. म्हणजे पाय कानांना जपतायत आणि इअरफोन त्याच कानांवर घाव घालतोय! मोठ्या आवाजाने केशपेशींचे तुरे वादळात ज्वारी झोपावी तसे आडवे होतात. काही पुन्हा उभे राहतात, काही राहत नाहीत.

हा हिशेब वहीत लिहून ठेवा. मोठ्या माणसांना ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालू शकतो. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. १०० डेसिबल असेल तर आठवड्याला जेमतेम २० मिनिटं! लहान मुलांसाठी मर्यादा याहूनही कमी आहे. तेव्हा इअरफोनचा आवाज अर्ध्याच्या फार वर नेऊ नका आणि रहदारीच्या रस्त्यावर तर तो खिशातच ठेवा. मागून येणारी गाडीही ऐकू आली पाहिजे ना!

ढोल-ताशाच्या पथकात वाजवणं हा झकास व्यायाम आहे. पण तिथला आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. पथकात जाणाऱ्या ताईदादांनी सरावाच्या वेळीसुद्धा कानात बोळे घालावेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. क्रिकेटच्या फलंदाजाला पॅड बांधायची लाज वाटते का?

आईबाबांसाठी चार ओळी

पालकहो, चाळिशीच्या आसपास आपण आईवडिलांच्या कानांची काळजी करतो आणि स्वतःच्या विसरतो. नेमकं तेव्हाच बसून काम वाढतं, पोट वाढतं, रक्तदाब हळूच चढतो. मुलांना "जा, खेळायला जा" म्हणून सांगण्यापेक्षा "चल, आपण जाऊ" म्हणणं जास्त उपयोगी पडतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हृदयाचा, गुडघ्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, थोड्यापासून सुरुवात करावी. ऐकू कमी येत असेल तर तपासणी लांबवू नये आणि श्रवणयंत्र सांगितलं तर ते लावायला कमीपणा मानू नये. चष्मा लावतोच की आपण!

आणि मुलांनो, आजीशी बोलताना ओरडू नका. ओरडल्याने 'आ' मोठा होतो, 'श' होत नाही. तिच्यासमोर या, तिला तुमचे ओठ दिसू देत, टीव्ही बंद करा आणि सावकाश, स्पष्ट बोला. आणि 'जाऊ दे' हा शब्द घरातून हद्दपार करा.

करून पाहा

१. पाच मिनिटं शांत बसा. मनगटावर नाडी धरून अर्ध्या मिनिटाचे ठोके मोजा आणि दुप्पट करा. आता एक मिनिट दोरीवरच्या उड्या मारा आणि लगेच पुन्हा मोजा. दोन आकड्यांत किती फरक पडला? तेवढं जास्त रक्त पाटातून धावलं!

२. वहीचं एक पान आखा. वर घरातल्या सगळ्यांची नावं, बाजूला सोमवार ते रविवार. कोण किती मिनिटं चालला, ते रोज रात्री लिहा. रविवारी बेरीज करा. कुणाची १५० च्या वर गेली, कुणाची राहिली? ज्याची राहिली, त्याला पुढच्या आठवड्यात तुम्ही बरोबर घेऊन जायचं.

३. आजीआजोबांना रोज संध्याकाळी गाड्या नसलेल्या एखाद्या वाटेने फिरवून आणा. त्यांच्या ज्या कानाने चांगलं ऐकू येतं, त्या बाजूने चाला. तेही तुमच्या वयाचे असताना काय काय खेळायचे, ते विचारा.

मग, कधीपासून सुरुवात करताय? आज संध्याकाळीच का नाही?